उलट पोहणारा मासा

प्रिय रिहाब,

हे पत्र मोंगी गाडीवाल्याच्या हातून तुला सफाक्सला मिळेल. तुझ्या भावाच्या हाती पडू देऊ नकोस. आणि फत्ही, तुझ्याच हाती पडलं, आणि थोडी लाज शिल्लक असेल, तर इथंच घडी घाल अन् बहिणीला नेऊन दे. अक्षर वाकडं आहे. मला तिसरीतून काढलं ते शेळ्यांमागे धाडायला. पुढचं जे काही येतं ते हेदीच्या पुस्तकांतून, तो शेजारी बसून धडे म्हणायचा तेव्हा पीठ मळता मळता उचललेलं. वाचायला जड गेलं तर मोठ्यानं वाच, म्हणजे मी समोर बसून बोलतेय असं वाटेल.

फत्ही येऊन गेला. भुयारातून खाली घरात आला, चटईवर बसला, आणि चहाला हात लावला नाही. पुदिन्याची पानं तळाला जाऊन काळी पडली तरी पेला तसाच. आपल्याकडं याचा अर्थ काय ते तुला सांगायला नको. मी म्हटलं, जे ओकायचंय ते ओक, मला धान्य निवडायचंय. तर म्हणतो, “मावशी, ऑलिव्हची झोडणी संपली की मी साखरपुड्याची शाल परत आणून देणार. गाबेसचा एक मुलगा आहे, स्वतःची बेकरी आहे. माझ्या बहिणीचं वय काही थांबून राहत नाही.” मी म्हटलं, “आणि बेकरीवाल्याचं थांबलंय का? डोक्यावर एक केस नाही त्याच्या, मी पाहिलाय.” तो म्हणाला, “थट्टा नको मावशी. गेलेल्या माणसाच्या सणाच्या भेटी आम्ही किती वर्षं घ्यायच्या?”

गेलेला म्हणाला गं माझ्या हेदीला. माझ्याच घरात बसून. मी हातातली चाळण फेकून मारली. लागली नाही, पण तो उठून गेला ते टोपी इथंच टाकून. शेळीनं खाल्ली तर मी जबाबदार नाही.

आता नीट ऐक. मुलाची आई सणासणाला भेट पाठवते आणि मुलीच्या घरचे ती आत घेतात, तोवर सोयरीक जिवंत. सोयरीक जिवंत तोवर मुलगा जिवंत. वाग्दत्त मुलाच्या नावानं मशिदीत, मय्यत समोर नसताना पढतात ती जनाज्याची नमाज कुणी पढत नाही, इमामही नाही, हे आपल्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या दिवशी शाल मुलाच्या आईच्या घरी परत येते, त्या दिवशी गाव माना खाली घालून येतं आणि रांगेत उभं राहतं. म्हणून तुझा भाऊ शाल, शाल करतोय. पण शाल त्याच्याकडं नाही, तुझ्या पेटीत आहे, तू ती सफाक्सला घेऊन गेलीस. शहाणी पोर. पेटीला कुलूप लाव. फत्हीनं कितीही आरडाओरडा केला तरी देऊ नकोस. मागच्या ईदला मी मेंदी, अत्तर आणि तो निळा कपडा पाठवला, बकरी ईदला मांडीचा तुकडा पाठवला. यंदाही पाठवीन. तुझी आई दारात येऊन घेते तेव्हा माझ्याकडं बघत नाही, पण घेते. एवढं मला पुरतं.

तुमच्या दोघांसाठी खणतेय त्या खोलीचं सांगते. हेदी होडीनं निघून गेला तेव्हा ती कोंबड्यांच्या खुराड्याएवढी होती. आता आत पलंग मावेल, पेटी मावेल, पाळणा टांगायला छताला आकडासुद्धा बसवलाय. पावसानं माती ओली असते तेवढे दिवस मी खणते, मग ती दगड होते आणि माझं मनगट सुजतं. माती गाढवावर लादून भुयारातून वर नेते. शेजारपाजार उरलाय कुठं? सगळे नव्या गावात, सिमेंटच्या पेट्यांमध्ये, उन्हाळ्यात भाजून निघतात आणि म्हणतात आम्ही सुधारलो. या डोंगरात जमिनीखाली राहणारी मीच आणि पलीकडची बहिरी म्हातारी. म्हणून तर मोंगी त्याचे पाहुणे इथं आणतो. आधी उंट, मग डोंगरातल्या कोठारांचा तो पडका किल्ला, मग मी.

तुला हसू येईल, पण मोंगी मला आता शिकवतो कसं राहायचं ते. “मावशी, जात्यावर बस, हे जर्मनीहून आलेत.” जर्मनीच्या माणसांना जवाचं पीठ बघायचं असतं म्हणे. बाया दारावरच्या माशाच्या चित्राचे फोटो काढतात, पुरुष डोकं आपटतात. एक गृहस्थ माझ्या पलंगावर आडवा झाला, बायकोनं फोटो काढला. मी मोंगीला म्हटलं, याला उठव, नाहीतर पांघरूण घालते आणि भाडं मागते. मोंगीनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, सगळे खूष होऊन टाळ्या वाजवायला लागले. मी खणत असले तर त्यांना तोही खेळच वाटतो. एकीनं कुदळ मागून घेतली, दोन घाव घातले, फोटो काढला, परत दिली.

आणि मी ते सोसते. का, ते तुला माहीत नाही, सांगते. चहा झाला, भाकरी-तेल झालं की मी हेदीचा फोटो बाहेर काढते, तुमच्या साखरपुड्यातलाच, तुझा अर्धा भाग मुडपून आत घातलेला, आणि एकेकाच्या हातात देते. मोंगी विचारतो, याला कुठं पाहिलंत का. पहिल्यांदा त्याला लाज वाटायची. “मावशी, ही माणसं सुट्टीवर आलीत.” मी म्हटलं, माझा मुलगाही यांच्याच देशात गेलाय, सुट्टीवर नाही, एवढाच फरक. इटलीची माणसं असली की मी अंजिरंही काढते. आत्तापर्यंत एकालाही तो दिसलेला नाही. पण देश मोठे आहेत. कोण म्हणतं तिकडं पकडून ठेवलेल्यांना फोन देत नाहीत. कोण म्हणतं होडी लिबियाकडं वाहत गेली आणि तिथं लोक कोंडलेत. मोंगीच्या सासूच्या गावातला एक असा होता, सगळ्यांनी आशा सोडली आणि एक दिवस दारात उभा, दाढी वाढलेली, पायात दोन वेगळे बूट. मग? माझाच का नाही येणार? माझ्या मुलात काय कमी आहे? सांग ना.

तुला ती विणाई आठवते का? तू तर वरून डोकावत होतीस, आमच्या खड्ड्यातल्या अंगणाच्या काठावर पालथी पडून, आणि मी तुला खालून हाकलत होते की सासरी बघायचं ते आत्ताच बघतेस होय. तुझी शाल आणि हेदीचा कमरपट्टा मी एकाच लोकरीतून विणला. पांढऱ्या लोकरीत पांढरा कापूस घालून विणायचं, म्हणजे डोळ्याला काही म्हणता काही दिसत नाही, बोटानं धागे मोजत जायचं. मग रंगाच्या हंड्यात बुडवलं की लोकर लाल होते आणि कापूस रंग धरत नाही, तेव्हा कुठं नक्षी वर येते. माझी आई म्हणायची, सल्हे, सावकाश, चूक झाली तर ती रंगातच कळेल. पण मला कसला सावकाशपणा. मी जन्मले तीच घाईत, दाई यायच्या आत. साखरपुडा तोंडावर, घरात पाहुणे, मी हात चालवत सुटले. हंड्यातून काढलं तर तुझी शाल ठीक, पण हेदीच्या पट्ट्यात सगळे मासे एका दिशेला आणि मधलाच एक उलटा. मला रडू यायचं बाकी राहिलं. पट्टा उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. तू तो हातात घेतलास, बघितलास, आणि सगळ्या बायकांसमोर खो खो हसलीस, “मावशी, हा बहुतेक घरी काहीतरी विसरलाय.” हेदीनं तो तिथल्या तिथं कमरेला बांधला. म्हणाला, दुसरा दिलास तरी घेणार नाही. गेला तेव्हाही अंगरख्याच्या आतून तोच बांधलेला होता. मी हात फिरवून बघितला होता.

म्हणून म्हणते, पोरी, थांब. तुझं वय मला कळतं, मी बाई आहे. तुझ्या मैत्रिणींच्या कडेवर पोरं आहेत तेही कळतं. मशीनवर दिवसभर शिवत बसून पाठ मोडते, आणि संध्याकाळी आत्या टोमणे मारते, हे मोंगीनं सांगितलं. मी तुझ्या पाया पडते असं मी आजवर कुणाला लिहिलं नाही, बोललेही नाही. तुला लिहिते. झोडणीनंतर फत्ही येईल तेव्हा त्याला सरळ सांग की

वर मोंगीचा भोंगा वाजतोय. पाहुणे आले. उद्या पुरं करते.

*

उद्या नाही झालं. मध्ये बरेच दिवस गेले. वरचं फाडून टाकावं म्हणून कागद हातात घेतला होता, मग ठेवला. तुलाही कळू दे मी काय लिहीत होते ते.

त्या दिवशी दोघंच होती, नवराबायको, फ्रान्सची, वयस्कर. एरवी मोंगी पाहुण्यांना आधी डोंगरात आणतो आणि समुद्राकडं शेवटी नेतो. त्या आठवड्यात ओढ्याला पाणी आल्यानं इकडची वाट बंद होती, म्हणून त्यानं त्यांना समुद्राकडं आधी फिरवून आणलं. बाई चांगली होती. जात्यावर बसली, भाकरी पूर्ण खाल्ली, उष्टं टाकलं नाही. मी फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, डोळे पुसले, आणि बहुधा मला बरं वाटावं म्हणून आपला फोन काढून मांडीवर ठेवला. स्वतःचा नातू दाखवला. मग बोटानं सरकवत गेली, उंट, बाजार, निळी दारं, एक कोळी, त्याचं अंगण. मोंगी एकदम पुढं झाला, “मावशी, चहा संपला, अजून टाक ना.” आणि हात फोनवर. मी त्याच्या हातावर चापट मारली. “चहा तू टाक. मी बघतेय.”

अंगणात एक लांब भिंत होती आणि भिंतीवर बूट, चपला, पाण्याच्या बाटल्या, एक बाहुली, लहान मुलाचं पोहायचं फुगीर जाकीट. समुद्रानं आणून टाकलेल्या वस्तू. असं एक ठिकाण आहे, पाहुणे तिथंही जातात, जसे माझ्याकडं येतात. बाईनं प्रत्येक गोष्टीचा जवळून फोटो काढला होता. एका खिळ्याला कापडाची पट्टी टांगलेली. लाल म्हणवत नव्हतं, खारानं धुऊन वीट झाली होती. पण कापूस रंग धरत नाही आणि सोडतही नाही गं. पांढरे मासे तसेच होते. सगळे एका दिशेला, आणि मधला

मोंगी सांगतो की मी उठले, पेले गोळा केले, आणि त्यांना म्हटलं, वाटेत डोकं सांभाळा, छत खाली आहे. मला यातलं काही आठवत नाही.

पाहुण्यांना सोडून तो परत आला तेव्हा मी भुयाराच्या तोंडाशी बुरखा अंगावर घेऊन उभी होते. “मावशी, उद्या जाऊ.” मी म्हटलं, आत्ता. रस्ताभर त्याला बोलत होते, तुला माहीत होतं, मेल्या, तू रोज माणसं नेतोस तिथं, तुला दिसलं नाही? तो रडायला लागला, गाडी चालवता चालवता. म्हणे, “मी कधी आत गेलोच नाही मावशी. मी बाहेर गाडीतच बसतो. आत जायची मला भीती वाटते, माझाही चुलतभाऊ असाच होडीत बसून गेलाय ना.” मग मीच त्याला म्हटलं, नाक पूस आणि पुढं बघ, नाहीतर आपण दोघं ओढ्यात जाऊ.

कोळ्याचं नाव दाऊ. माझ्याहून मोठा, दात नाहीत, हाताची बोटं जाळ्यानं कापलेली. मी आत शिरले ती सरळ त्या खिळ्यापाशी. पट्टा काढला. बोटानं मोजला, जसा विणताना मोजला होता तसा. मग त्याच्यावर तुटून पडले. काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, माझ्या पोराच्या कमरेचं कापड तू खिळ्याला टांगलंस? लोकांना बघायला? तिकीट लावतोस? तुला आई होती की नव्हती? तो सगळं ऐकून घेत होता. मी दमले तेव्हा पाणी आणून दिलं आणि म्हणाला, “ताई, पेटीत ठेवलं असतं तर तू आली असतीस का? मला लिहिता येत नाही, नावं माहीत नाहीत. पाहुणे लांब लांब जातात, फोटो घेऊन जातात. म्हटलं, कुठल्या तरी आईच्या डोळ्यापुढं जाईल.” माझ्या मुडपलेल्या फोटोचं मी दुसरं काय करत होते?

त्यानं विचारलं, पट्टा तूच विणलास? मी म्हटलं, हो. तर तो म्हणाला, “गाठ फार घट्ट होती. मी कापली नाही, भिजवून सोडवली.” आणि मग मला मागं घेऊन गेला, गावाबाहेर, बाभळीच्या पलीकडं. वाळूत दगडांच्या रांगा आहेत. त्यानं एकापाशी उभं केलं. अंघोळ घातली होती, म्हणाला. चेहरा किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला केला होता. गावातले चार जण होते, आणि त्याची बायको रडली होती, कारण कुणीतरी रडायला हवं. मी त्या बाईचा हात धरला. तिचं नावही विचारलं नाही, तेवढं राहिलंच.

समुद्र मी याआधी लांबून, गाडीतूनच पाहिलेला. जवळून तो फार आवाज करतो. तिथं बसून मी हेदीला रागावले. म्हटलं, तुला सांगत होते, खोली पुरी होऊ दे, पाहुण्यांवर दोघांचं भागेल, लग्न साधं करू. तुला कसली घाई झाली होती? आणि मग लक्षात आलं की हे मी बोलतेय. कुणाचा मुलगा तो.

परत आल्यापासून खणलेलं नाही. कुदळ आत भिंतीला टेकवून ठेवली आहे. परवा मोंगी चौघांना घेऊन आला, मी जात्यावर बसले, भाकरी दिली. एकीनं विचारलं, ही नवी खोली कुणासाठी. मोंगी माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हटलं, सांग त्यांना, शेळ्यांसाठी. फोटो कुणाला दाखवला नाही. तुझा मुडपलेला भाग उलगडून तो मी आता पट्ट्याबरोबर ठेवलाय. तुझा चेहरा चुरगळलाय थोडा, पण हसतेस.

गावात कुणाला सांगितलेलं नाही. मोंगीला शपथ घातली आहे. फत्हीला माहीत नाही, तुझ्या आईला माहीत नाही. पहिलं तुला सांगतेय, कारण पहिला हक्क तुझा, आणि कारण तुझ्याशिवाय पुढचं काही व्हायचं नाही. वरच्या पानांवर मी तुला बांधून घालत होते, ते सगळं मागं घेते. रिहाब, शाल परत पाठव. ती इथं आली की इमाम उभा राहील, गाव रांगेत येईल, आणि माझ्या लेकरासाठी चार शब्द म्हटले जातील. त्या वाळूत तो अजून बिननावाचा पडलाय. मग तू मोकळी. बेकरीवाल्याला हो म्हण किंवा त्याच्या टकलावर पीठ ओत, तुझी मर्जी, फत्हीची नाही, आणि कुणी काही बोललं तर माझ्याकडं पाठव. पेटी उघड, शाल काढ, मोंगीच्या हाती दे. पण मुली, आज देऊ नकोस. मोंगी पुन्हा आठवड्यानं येईल तेव्हा दे. नाहीतर त्याच्या पुढच्या खेपेला. जन्मभर मी सगळ्यांना घाई केली, चुलीला, मागाला, शेळ्यांना, त्याला. ही एवढी एकच गोष्ट सावकाश येऊ दे. तोवर घडी मोड, थंडी असेल तर अंगावर घेऊन नीज. ती शाल तुझ्याकडं आहे तेवढे दिवस तो या गावात जिवंत आहे.

तुझीच,
सल्हा मावशी